पत्ता आणि अधिकार : उपयोजक-आज्ञावलीतून बसच्या पत्ता-अवकाशात प्रवेश

प्रयोगशाळेत संगणकाला एखादे मापनयंत्र जोडले की त्या यंत्रातील आकडे संगणकाच्या आज्ञावलीत कोणत्या वाटेने येतात, हा प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थ्याला लवकरच पडतो. यंत्राचा निर्माता पुस्तिकेत लिहितो की अमुक पत्त्यावरील रजिस्टर वाचले असता मापन मिळेल. विद्यार्थी सी भाषेत दोन ओळींची आज्ञावली लिहितो, त्या पत्त्याला दर्शक लावतो व वाचतो. आणि संगणकाची कार्यप्रणाली त्याची आज्ञावली तेथल्या तेथे बंद पाडते. पत्ता बरोबर होता, यंत्र जागेवर होते, तारा नीट जोडल्या होत्या. मग अडले कोठे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पत्ता व अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि आधुनिक संगणकाची सारी सुरक्षितता या भेदावर उभी आहे, हे ध्यानात येते. प्रस्तुत लेखात हा भेद उलगडून दाखवावयाचा आहे, व उपयोजक-स्तरावरील आज्ञावलीला यंत्रभागांपर्यंत नेणाऱ्या निरनिराळ्या वाटांची त्या दृष्टीने तुलना करावयाची आहे.

एक स्थान, अनेक पत्ते

प्रोसेसर, स्मृती आणि बाह्य यंत्रभाग यांना जोडणारी जी सामायिक तारांची मार्गिका, तिला संगणकाच्या परिभाषेत 'बस' म्हणतात. या मार्गिकेवर काही तारा पत्त्यासाठी, काही आशयासाठी आणि काही नियंत्रणासाठी असतात. पत्त्याच्या तारांवर जितके भिन्न अंक दर्शविता येतात तितक्या अंकांचा समूह म्हणजे त्या बसचा पत्ता-अवकाश. येथवर सर्व सोपे आहे. परंतु एकाच संगणकात असे अवकाश एकाहून अधिक असतात, आणि एकच रजिस्टर प्रत्येक अवकाशात निराळ्या अंकाने ओळखले जाते. नवख्याचा पहिला गोंधळ येथे होतो.

जालना जिल्ह्यातील भोकरदनचे उदाहरण घेतल्यास ही गोष्ट स्पष्ट होईल. केळना नदीकाठच्या या गावाचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत तेथील दात्यांचा निर्देश त्या जुन्या नावाने येतो. १ मे १९८१ पूर्वी या गावाच्या पत्त्यात औरंगाबाद जिल्हा लिहिला जाई. त्या दिवशी जालना जिल्हा अस्तित्वात आला व पत्ता बदलला. गाव मात्र तसूभरही हलले नाही. गावातील एखाद्या शेताला महसूल दप्तरात गट क्रमांक असतो, आणि घरातील माणसे त्याच शेताला विहिरीवरून किंवा आंब्यावरून पडलेल्या नावाने ओळखतात. यांपैकी कोणताच पत्ता खोटा नाही. प्रत्येक पत्ता आपापल्या दप्तरात खरा आहे. एका दप्तरातील पत्ता घेऊन दुसऱ्या दप्तरात गेले की घोटाळा होतो.

संगणकात अशी तीन दप्तरे मानता येतील. उपयोजकाच्या आज्ञावलीला दिसतो तो आभासी पत्ता. प्रोसेसरमधील स्मृती-व्यवस्थापक पृष्ठसारणी पाहून त्याचे रूपांतर भौतिक पत्त्यात करतो. तो भौतिक पत्ता एखाद्या सेतूच्या पलीकडील यंत्रभागाचा असेल, तर सेतू त्याचे पुन्हा बस-पत्त्यात रूपांतर करतो. पुस्तिकेत छापलेला पत्ता बहुधा या तिसऱ्या दप्तरातील असतो, तर आज्ञावलीतील दर्शक पहिल्या दप्तरातील. आपल्या विद्यार्थ्याने भलत्या दप्तरातील पत्ता दाखविला. त्याच्या पृष्ठसारणीत त्या अंकापुढे कोणतीच नोंद नव्हती, म्हणून प्रोसेसरने प्रवेश नाकारला.

दृष्टांत आणखी एक पाऊल पुढे नेता येतो. शेताचा गट क्रमांक ठाऊक असणे वेगळे आणि त्या शेतात नांगर घालण्याचा अधिकार असणे वेगळे. अधिकाराची नोंद गाव नमुना सातमध्ये असते, आणि ती नोंद शेतकरी स्वतः करीत नाही. परंतु एकदा फेरफार मंजूर होऊन नोंद झाली की तोच शेतकरी रोज सकाळी नांगर घेऊन निघताना तलाठ्याची परवानगी मागत नाही. पृष्ठसारणीचे नेमके असेच आहे. तिच्यात नोंद करण्याचा अधिकार फक्त कार्यप्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला असतो. पण नोंद झाल्यावर प्रत्येक वाचनाच्या वेळी कर्नल मध्ये येत नाही. नोंद एकदा आणि वहिवाट वारंवार, हे तत्त्व पुढील सर्व विवेचनाचा आधार आहे.

बसवरील अवकाशांचे प्रकार

यंत्रभागांना पत्ते देण्याच्या दोन पद्धती आरंभापासून चालत आल्या आहेत. १९७० साली आलेल्या पीडीपी-११ या संगणकाच्या युनिबसवर स्मृती आणि यंत्रभाग एकाच अवकाशात राहत. अवकाशाच्या माथ्यावरील ८ किलोबाइटचा पट्टा यंत्रभागांच्या रजिस्टरांसाठी राखलेला असे, आणि स्मृती वाचणारी आज्ञाच रजिस्टरही वाची. याउलट इंटेलच्या ८०८० या प्रोसेसरमध्ये यंत्रभागांसाठी २५६ पोर्टांचा स्वतंत्र अवकाश होता व त्यासाठी 'इन' आणि 'आउट' या स्वतंत्र आज्ञा होत्या. पुढे ८०८६ घराण्यात पोर्टांची संख्या ६५,५३६ झाली, आणि ती पद्धत त्या घराण्याच्या आजच्या वंशजांतही टिकून आहे.

उपयोजकाच्या दृष्टीने या दोन पद्धतींतील भेद महत्त्वाचा आहे. यंत्रभाग स्मृतीच्या अवकाशात असेल तर त्याचे संरक्षण पृष्ठसारणीनेच होते. वेगळी यंत्रणा लागत नाही. पोर्टांना मात्र पृष्ठसारणी लागू पडत नाही. म्हणून ८०३८६ पासूनच्या प्रोसेसरांत प्रत्येक कार्यासाठी पोर्टांचा एक परवानापट ठेवता येतो. दर पोर्टास एक बिट, म्हणजे सर्व मिळून ८,१९२ बाइट. ज्या पोर्टाचा बिट शून्य असेल त्या पोर्टाला उपयोजक-आज्ञावली थेट स्पर्श करू शकते. लिनक्समधील 'आयओपर्म' ही विनंती हा परवानापट बदलून घेते.

प्रयोगशाळांत दीर्घकाळ वापरात असलेली व्हीएमई बस याहून रोचक आहे. १९८१ साली पुढे आलेल्या आणि १९८७ साली प्रमाणित झालेल्या या बसवर एकाच वेळी अनेक अवकाश नांदतात : १६ बिटांच्या पत्त्यांचा ६४ किलोबाइटचा, २४ बिटांचा १६ मेगाबाइटचा आणि ३२ बिटांचा ४ गिगाबाइटचा. कोणत्या अवकाशातील पत्ता बोलला जात आहे हे सांगण्यासाठी पत्त्याच्या तारांसोबत आणखी सहा तारा असतात. त्यांवरील संकेताला 'अ‍ॅड्रेस मॉडिफायर' असे नाव आहे. षोडशमान पद्धतीत २९ हा संकेत १६ बिटांच्या अवकाशातील सामान्य, म्हणजे विशेषाधिकार नसलेला प्रवेश दर्शवितो. ३९ हा संकेत २४ बिटांच्या अवकाशातील आशयाचा तसाच प्रवेश दर्शवितो. विशेषाधिकारी प्रवेशासाठी संकेत निराळे आहेत. म्हणजे या बसच्या रचनाकारांनी पत्त्याबरोबर 'विचारणारा कोण' हेही बसवर सांगण्याची सोय केली होती.

ही सोय आज कितपत उपयोगी पडते, हे पाहणे बोधप्रद आहे. व्हीएमईची कार्डे आता बहुधा पीसीआयच्या सेतूमार्फत वाचली जातात. सेतूमध्ये काही 'खिडक्या' असतात. पीसीआयच्या अवकाशातील अमुक पट्टा व्हीएमईच्या अमुक अवकाशातील अमुक पट्ट्यावर न्यावा व तेथे अमुक संकेत उच्चारावा, एवढे प्रत्येक खिडकीत लिहून ठेवलेले असते. त्यामुळे बसवर विशेषाधिकाराचा संकेत जातो की सामान्य, हे आज्ञावली कोण चालवीत आहे यावर न ठरता खिडकी कशी मांडली आहे यावर ठरते. रक्षणाचा भार बसवरून उतरून खिडकी मांडणाऱ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, आला. खिडकी मांडण्याचे अधिकारच उपयोजकाला दिले तर बसवरील संकेतांना रक्षक म्हणून काही अर्थ उरत नाही.

१९९२ साली इंटेलने प्रसृत केलेल्या पीसीआय बसवर तीन अवकाश आहेत : स्मृतीचा, पोर्टांचा आणि जुळणीचा. जुळणी-अवकाशात प्रत्येक यंत्रभागाला २५६ बाइट मिळतात. पीसीआय एक्सप्रेसमध्ये ४,०९६. तेथे बनावट ओळखण्याचे अंक असतात आणि सामान्य यंत्रभागास सहापर्यंत आधार-पत्त्यांची रजिस्टरे असतात. संगणक सुरू होताना त्याची आरंभिक व्यवस्था या रजिस्टरांत सर्व बिट एक करून लिहिते व परत वाचते. जे बिट बदलू शकले नाहीत त्यांवरून त्या यंत्रभागाला किती लांबीचा पट्टा हवा ते कळते. मग तितका पट्टा मोकळा पाहून त्याचा आरंभ तेथे लिहिला जातो. येथे १९८१ चे भोकरदन पुन्हा आठवावे. कार्ड तेच आणि खाचही तीच असली तरी शेजारी दुसरे कार्ड बसविले की पुढच्या आरंभी आधार-पत्ता बदलू शकतो. आज्ञावलीत पत्ता कायमचा लिहून ठेवणे म्हणूनच अयोग्य होय; तो दर वेळी कार्यप्रणालीला विचारूनच घ्यावा.

आज्ञावलीच्या प्रवेशाच्या वाटा

सर्वांत जुनी व सनातनी वाट ड्रायव्हरची. यंत्रभागाला स्पर्श करणारा सर्व भाग कर्नलमध्ये राहतो आणि उपयोजक-आज्ञावली 'वाच' वा 'लिही' अशी विनंती करते. यात सुरक्षितता पुरेपूर आहे. अडचणी दोन आहेत : कर्नलमधील आज्ञावलीत झालेली चूक सबंध संगणकाला भोवते, आणि प्रत्येक विनंतीसाठी कर्नलमध्ये जाण्यायेण्याचा वेळ द्यावा लागतो.

दुसरी वाट 'डेव्ह-मेम' या विशेष फाइलची. ही फाइल म्हणजे संगणकाचा सारा भौतिक पत्ता-अवकाश. 'एममॅप' या विनंतीने तिचा हवा तो पट्टा आपल्या आभासी अवकाशात मांडून घेता येतो, आणि त्यानंतर साध्या दर्शकाने रजिस्टर वाचता येते. वाट अत्यंत सोपी आणि तितकीच धोक्याची. जिला ही फाइल उघडता येते त्या आज्ञावलीस सबंध गावाची सनद मिळते; एक अंक चुकला तरी भलत्याच्या शेतात नांगर जातो. म्हणून पुढे लिनक्समध्ये या फाइलीतून मुख्य स्मृतीला हात लावू न देण्याची तरतूद झाली. २०१९ साली आलेल्या ५.४ या आवृत्तीत तर 'लॉकडाऊन' ही व्यवस्था आली. ती लागू असता मुख्य प्रशासकालाही ही वाट बंद होते.

तिसरी वाट लिनक्सच्या 'सिसएफएस' दप्तरातून जाते. तेथे प्रत्येक पीसीआय यंत्रभागाची स्वतंत्र पुस्तिका असते, आणि त्याच्या प्रत्येक आधार-पत्त्यामागील पट्ट्याला एकेक फाइल. 'एममॅप'ने ती फाइल मांडली की केवळ त्याच कार्डाचा तोच पट्टा हाती येतो. भौतिक पत्ता काय आहे हे विचारण्याचेही कारण उरत नाही. गावाच्या सनदेऐवजी एका गटाचा उतारा, एवढा हा फरक आहे.

पण या वाटेने इंटरप्ट, म्हणजे यंत्रभागाने दिलेली हाक, आज्ञावलीपर्यंत पोहोचत नाही. ती उणीव २००७ साली लिनक्सच्या २.६.२३ या आवृत्तीत आलेल्या 'यूआयओ' या चौकटीने भरून काढली. हिच्यात कर्नलमधील भाग अगदी छोटा ठेवतात : हाक आली की ती पोचल्याची खूण करून यंत्रभागाला तात्पुरते गप्प करणे, एवढेच त्याचे काम. उपयोजक-आज्ञावली एका फाइलीवर 'वाच' अशी विनंती करून थांबते. हाक आली की तिला आजवरच्या हाकांची संख्या मिळते व ती जागी होते. उरलेले सर्व शास्त्र, म्हणजे कोणते रजिस्टर केव्हा वाचावे, काय लिहावे, हे उपयोजक-स्तरावर राहते. तेथे चूक झाली तर बहुधा आज्ञावलीच पडते आणि संगणक उभा राहतो. संशोधन करणाऱ्या विभागात, जेथे यंत्र नवे, आज्ञावली नवी व दोन्हींत रोज बदल, तेथे ही मोठीच सोय होय.

मुंबई आणि खोडद येथील दोन उदाहरणे

या वाटांची निवड केवळ आवडीनिवडीवर अवलंबून नसते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात, त्या संस्थेचा व भाभा अणुसंशोधन केंद्राचा मिळून चालणारा पेलेट्रॉन त्वरक १९८८ च्या अखेरीस कार्यान्वित झाला. तेथील अणुगर्भ-प्रयोगांसाठी विकसित झालेली 'लॅम्प्स' ही लिनक्सवरील मापनसंग्रहाची प्रणाली कॅमॅक व व्हीएमई या दोन्ही पद्धतींच्या यंत्रसामग्रीबरोबर चालते. कॅमॅक हे १९६९ साली युरोपीय प्रयोगशाळांनी ठरविलेले प्रमाण. त्यात स्मृतीसारखा पत्ता नसतो. पेटीतील स्थान, त्या स्थानावरील उपपत्ता आणि करावयाची क्रिया असे तीन अंक मिळून आज्ञा होते. उपपत्ते १६, क्रिया ३२ आणि आशय २४ बिटांचा. एका आज्ञेला किमान १ मायक्रोसेकंद लागतो.

समजा, एका घटनेत ३२ मापके वाचावयाची आहेत आणि सेकंदाला १०,००० घटना घडत आहेत. म्हणजे दर सेकंदास ३,२०,००० वाचने. वाचनाला १ मायक्रोसेकंद धरला तरी सेकंदातील ०.३२ भाग त्यातच जातो. आता प्रत्येक वाचनासाठी कर्नलमध्ये जाऊन येण्यास अर्धा मायक्रोसेकंद अधिक लागला, तर आणखी ०.१६ भाग गेला. या काळात यंत्र नवी घटना घेऊ शकत नाही. तिला प्रयोगकर्ते मृतकाळ म्हणतात. त्वरकावर मिळालेले मोजके दिवस आणि त्यांतील सोळा टक्के केवळ ये-जा करण्यात! येथे उपाय दोन. एक, खिडकी उपयोजकाच्या अवकाशात मांडून थेट वाचणे. दोन, घटनेतील सर्व आज्ञांची यादी एकदम कर्नलच्या किंवा यंत्राच्याच हाती देऊन उत्तरे एकगठ्ठा घेणे. दोन्हींत तत्त्व एकच : प्रत्येक वाचनासाठी कर्नलच्या दारात जाणे टाळावयाचे.

दुसरे उदाहरण जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे, म्हणजेच जीएमआरटीचे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेल्या या दुर्बिणीसाठी उभारलेल्या व २०१० साली प्रसिद्धीस आलेल्या सॉफ्टवेअर-आधारित ग्राहकात पीसीआय पद्धतीची अंकीकरण कार्डे व ४८ लिनक्स संगणकांचा समूह वापरला गेला. ३२ अँटेनांचे प्रत्येकी दोन ध्रुवण, आणि ३३ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा. अशा पट्ट्यासाठी दर सेकंदास किमान ६ कोटी ६० लाख नमुने घ्यावे लागतात. ६४ संकेतांचे मिळून ४२२ कोटींहून अधिक. इतक्या वेगाने एकेक नमुना रजिस्टरातून वाचणे कोणत्याही प्रोसेसरला शक्य नाही. येथे कार्डाने स्वतःच बसचा ताबा घेऊन नमुने मुख्य स्मृतीत टाकावयाचे असतात, व आज्ञावलीने ते तेथून उचलावयाचे असतात. म्हणजे प्रवेशाची दिशाच उलटते. त्याचा विचार पुढे येईल.

रजिस्टर म्हणजे स्मृती नव्हे

एकदा पट्टा आपल्या अवकाशात मांडला की तो स्मृतीसारखा दिसतो, पण तो स्मृतीसारखा वागत नाही. स्मृतीतून वाचल्याने स्मृती बदलत नाही. रजिस्टर वाचल्याने बदलू शकते. कॅमॅकमधील २ क्रमांकाची क्रिया 'वाचा आणि पुसा' अशी आहे. व्हीएमईला कॅमॅक जोडणाऱ्या काही यंत्रांत पेटी, स्थान, उपपत्ता आणि क्रिया हे अंक पत्त्याच्याच बिटांत गुंफलेले असतात. तेथे 'पत्ता वाचणे' म्हणजेच 'क्रिया करणे'. निरीक्षणासाठी म्हणून केलेले दुसरे वाचन मापनच पुसून टाकू शकते. दोष शोधण्याच्या साधनाने स्मृतीचा पट्टा सहज चाळून पाहण्याची सवय येथे घातक ठरते.

या कारणाने चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, भाषांतरक. एकच पत्ता दोनदा वाचला असे दिसले की सी भाषेचा भाषांतरक दुसरे वाचन अनावश्यक समजून गाळतो. ते टाळण्यासाठी दर्शक 'व्होलटाइल' म्हणून घोषित करावा लागतो. दुसरी, प्रोसेसरचा जवळचा साठा, म्हणजे कॅश. तेथे ठेवलेली जुनी प्रत वाचली गेली तर यंत्रात काय चालले आहे ते कळणारच नाही. म्हणून अशा पृष्ठांना 'साठवू नये' अशी खूण पृष्ठसारणीत करावी लागते, आणि ती खूण फक्त कर्नल करू शकतो. तिसरी, लिहिण्याचा विलंब. पीसीआयवरील स्मृती-लेखन सेतूमध्ये थांबून राहू शकते; आज्ञावली पुढे गेली तरी ते यंत्रापर्यंत पोहोचलेलेच असेल असे नाही. खात्री हवी असल्यास त्याच यंत्रभागातील एखादे निरुपद्रवी रजिस्टर परत वाचावे, म्हणजे मागे अडकलेली लेखने आधी पुढे जातात. चौथी, बाइटांचा क्रम. व्हीएमईवर मोठा बाइट आधी, पीसीआयवर लहान बाइट आधी. सेतू हा क्रम कोठे बदलतो आणि कोठे बदलत नाही हे न पाहिल्यास आकडे उलटे येतात. आणि उलटा आकडाही आकडाच असल्यामुळे चूक चटकन डोळ्यांत भरत नाही.

आणखी एक मर्यादा आहे. पृष्ठाचे माप ठरलेले असते, सामान्यतः ४,०९६ बाइट. एखाद्या यंत्रभागाचा पट्टा केवळ ६४ बाइटांचा असला तरी मांडताना पूर्ण पृष्ठच मांडावे लागते, आणि त्या पृष्ठात शेजारच्या यंत्रभागाची रजिस्टरे असतील तर तीही उघडी पडतात. बांध नसलेल्या शेतांप्रमाणे येथे एकाच्या अधिकारात दुसऱ्याचे शेत येते. ज्या यंत्रभागाची नोंद उपयोजकाला द्यावयाची त्याचा पट्टा स्वतःच्या पृष्ठात एकटा असावा, हा नियम त्यामुळे पाळावा लागतो.

उलट दिशेचा प्रवेश

आतापर्यंत आज्ञावली यंत्राकडे जात होती. परंतु खोडदच्या उदाहरणात पाहिल्याप्रमाणे यंत्रही स्मृतीकडे येते. कार्डाच्या एका रजिस्टरात स्मृतीचा पत्ता आणि लांबी लिहिली की कार्ड प्रोसेसरला न विचारता तेथे आशय लिहिते; या पद्धतीला डीएमए म्हणतात. आता विचार करा : ते रजिस्टर लिहिण्याचा अधिकार उपयोजक-आज्ञावलीला असेल तर? आज्ञावलीची स्वतःची पृष्ठसारणी कितीही काटेकोर असो, ती कार्डाला हवा तो पत्ता सांगू शकते, आणि कार्ड त्या पृष्ठसारणीला बांधलेले नाही. कर्नलच्या किंवा दुसऱ्या उपयोजकाच्या स्मृतीवर कार्ड निमूटपणे लिहील. समोरच्या दाराला कुलूप आणि मागील दार सताड उघडे, अशी ही स्थिती होय. यूआयओच्या साध्या वापरात हीच उणीव राहते; डीएमए न करणाऱ्या यंत्रभागांपुरतीच ती चौकट सर्वार्थाने सुरक्षित आहे.

यावरील उपाय तत्त्वतः सरळ आहे : यंत्रालाही पृष्ठसारणी द्यावी. स्मृतीकडे जाणाऱ्या यंत्राच्या वाटेवर दुसरा एक भाषांतर करणारा भाग बसवितात; त्याला आयओएमएमयू म्हणतात. यंत्राने उच्चारलेला पत्ता हा भाग त्या यंत्रासाठी ठेवलेल्या सारणीत पाहतो, नोंद सापडल्यास रूपांतर करतो, न सापडल्यास व्यवहार अडवितो. इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांच्या प्रोसेसर-कुटुंबांत अशी व्यवस्था उपलब्ध आहे. तिच्या आधारावर २०१२ साली लिनक्सच्या ३.६ या आवृत्तीत 'व्हीएफआयओ' ही चौकट आली. हिच्यात उपयोजक-आज्ञावली आपल्या स्मृतीचा जो भाग यंत्राला द्यावयाचा तो आधी नोंदविते. कर्नल ती नोंद यंत्राच्या सारणीत करतो. आणि मग यंत्राला त्या भागापलीकडे जाता येत नाही.

या चौकटीतील एक बारकावा नमूद करण्याजोगा आहे. काही यंत्रभाग बसच्या रचनेमुळे एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत, किंवा सेतूच्या अलीकडेच परस्परांशी बोलू शकतात. अशा यंत्रभागांचा एक गट मानला जातो, आणि अधिकार द्यावयाचा तो गटाला, एकेकट्याला नव्हे. गटातील एक यंत्रभाग उपयोजकाच्या हाती आणि दुसरा कर्नलच्या सेवेत, अशी विभागणी ही चौकट मान्य करीत नाही. ज्यांच्यामध्ये बांध घालता येत नाही त्यांचा उतारा एकच, हा न्याय येथेही लागू पडतो.

विभागात निवड कशी करावी

आता आपल्या विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाकडे वळू. त्याच्या कार्डात डीएमए नसेल आणि हाकेचीही आवश्यकता नसेल, तर 'सिसएफएस'मधील पट्टा मांडून घेणे पुरेसे आहे. हाक हवी असेल तर यूआयओ घ्यावा. डीएमए असेल तर आयओएमएमयूसहित व्हीएफआयओ घ्यावा. आणि जुन्या संगणकात आयओएमएमयू नसेल तर थोडे कष्ट सोसूनही ड्रायव्हर लिहावा, किंवा तो संगणक केवळ त्या एका प्रयोगासाठी वेगळा काढून जाळ्यापासून दूर ठेवावा. 'डेव्ह-मेम'चा उपयोग दहा मिनिटांच्या चाचणीपुरता क्षम्य आहे. ज्या आकड्यांवरून प्रबंध लिहावयाचा ते आकडे त्या वाटेने गोळा करू नयेत. कारण त्या वाटेवर झालेली चूक नेहमीच संगणक बंद पाडून स्वतःला जाहीर करते असे नाही. ती कधी शेजारच्या यंत्राच्या रजिस्टरात एखादा बिट बदलून गप्प राहते, आणि मग महिनोन्‌महिने गोळा होणारी मापने थोडीशी, पण सातत्याने, चुकीची येत राहतात. पडलेला संगणक पुन्हा सुरू करता येतो. पण आपले कोणते आकडे दूषित झाले हेच ज्याला कळत नाही, त्या संशोधकाला प्रयोग पहिल्यापासून करण्यावाचून गत्यंतर नसते.

उपयोजक-आज्ञावलीला बसपर्यंत जाऊ देणे म्हणजे कर्नलला बाजूस सारणे, असा एक समज आढळतो. वरील विवेचनावरून तो समज टिकत नाही. चांगल्या रचनेत कर्नल बाजूला होतो तो रोजच्या वहिवाटीतून. नोंदवहीवरील त्याचा हक्क तो सोडीत नाही. आज्ञावलीची पृष्ठसारणी, सेतूच्या खिडक्या, पोर्टांचा परवानापट आणि यंत्रासाठीची सारणी या चारही नोंदवह्या त्याच्याकडेच राहावयास हव्यात. त्या जोवर त्याच्याकडे आहेत तोवर आज्ञावलीला यंत्राच्या कितीही जवळ जाऊ द्यावे. त्यांपैकी एकही तिच्या हाती गेली की उरलेल्या तिन्हींचा बंदोबस्त नाममात्र ठरतो. नवी चौकट, नवे कार्ड किंवा नवी बस समोर आली असता तिच्या वेगाची चौकशी करण्यापूर्वी या नोंदवह्या कोणाच्या हाती आहेत, ही चौकशी विद्यार्थ्यांनी आधी करावी.